नळी कोणी काढली

१२ मार्च
मुलगी झाली. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी, सिझर, वजन दोन किलो आठशे पन्नास. नाक बटाट्यासारखं, थेट आमच्या चिरंजिवांचं. मी तिथल्या तिथे तिला 'बटाटी' म्हणून टाकलं. सूनबाईंना आवडलं नाही. मी केलेलं त्यांना काहीच आवडत नाही, तेव्हा त्यात नवीन काही नाही.

वजन आधी चुकून दोन नऊशे लिहिलं होतं. एका रेघेत काट मारली, बाजूला सही केली. लेबर रूममध्ये चौतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची अकरा इनचार्ज म्हणून. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी हाताची सवय जात नाही. खाडाखोड करणाऱ्या पोरींच्या बोटांवर मी फूटपट्टी मारलेली आहे. पान फाडायचं नाही, अक्षर गिरगटायचं नाही. काट एका रेघेची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी सही. ही रोजनिशीसुद्धा मी हॉस्पिटलच्या उरलेल्या कोऱ्या रजिस्टरात लिहिते.

ऑपरेशन कालच्या पोरीने केलं, आमच्या हॉस्पिटलातल्या नव्या डॉक्टरीणबाईने. आमचे मोठे डॉक्टर असते तर पंचवीस मिनिटांत मोकळे झाले असते. हिने दीड तास लावला, आणि बाहेर येऊन मला सांगते, "सिस्टर, बाळाचं डोकं खूप खाली अडकलं होतं. काढताना मूत्राशयाला थोडी इजा झाली. दोन थरांत शिवलंय. कॅथेटर दहा दिवस ठेवायचा." दहा दिवस! नाचता येईना अंगण वाकडं. मोठे डॉक्टर चोवीस तासांत नळी काढायला लावत आणि बायका तिसऱ्या दिवशी जिने चढत.

सूनबाईंना आई नाही, म्हणून बाळंतपण माझ्याच गळ्यात.

१५ मार्च
आज सकाळी कॅथेटर मीच काढला.

सूनबाई तीन दिवस पलंगावर महाराणीसारख्या पडून आहेत. बाजूला लघवीची पिशवी लोंबते आहे आणि भेटायला येणाऱ्यांना तीच आधी दिसते. चाल म्हटलं की नळी ओढली जाते. बस म्हटलं की नळी टोचते. नळी म्हणजे जंतूंचा जिना, हे मी शंभर वेळा शिकवलंय. पिशवीतली लघवी कालपासून स्वच्छ आहे, मग ठेवायची कशाला? शोभेला?

कालची पोर चार दिवस रजेवर गेली आहे. तिच्या जागी आलेल्या मुलाला वॉर्डातला पंखासुद्धा लावता येत नाही. मी पडदा ओढला. सिरिंजने नळीच्या आतल्या टोकाच्या फुग्यातलं पाणी काढलं, नळी बाहेर. अर्धं मिनिटही लागलं नाही. सूनबाई म्हणाल्या, "आई, डॉक्टरांना विचारायचं का?" मी म्हटलं, डॉक्टरांनीच सांगितलंय. कधीकधी रुग्णाशी थोडं खोटं बोलावं लागतं, त्यातच त्याचं हित असतं.

ड्युटीवर माझीच जुनी विद्यार्थिनी होती. ती घाबरून म्हणाली, "सिस्टर, मी काय लिहू?" मी म्हटलं, लिही, 'कॅथेटर आपोआप निघाला'. तिने लिहिलं. पूर्वीसारख्या पोरी आता राहिल्या नाहीत, पण ही एक बरी आहे.

दुपारी सूनबाई दारापर्यंत चालल्या. हे बघायला ती पोर असायला हवी होती.

१९ मार्च
परवाच घरी आणलं. आज कालच्या पोरीचा फोन. "सिस्टर, मी रजेवरून आले. कॅथेटर निघालाय असं कळलं. उद्याच्या उद्या घेऊन या, परत घालावा लागेल." मी म्हटलं, लघवी छान होतेय, ताप नाही, टाके सुके आहेत. तरी पोरीचं समाधान होईना. मग म्हणते, "तुम्ही स्वतः बघताय ना? नक्की?" माझ्या नखाएवढी पोर मला नक्की विचारते. मी 'आणते' म्हणून ठेवून दिला. ओल्या बाळंतिणीला परत नळी घालायला कोण नेतंय? घरात कुणाला सांगितलंही नाही, उगाच चर्चा नको.

२६ मार्च
सूनबाईंनी पलंग ओला केला. बाळाने नव्हे, सूनबाईंनी.

विचारलं तर म्हणतात, "मला कळलंच नाही. उठले तेव्हा ओलं होतं." कळलं नाही म्हणजे काय? बाळंतपणानंतर शिंकताना दोन थेंब जातात, ते सगळ्यांना. खालचे स्नायू आवळायचा व्यायाम लावून दिला, दिवसातून तीन वेळा, वीस-वीस. आणि संध्याकाळी सहानंतर पाणी बंद.

११ एप्रिल
थेंब नव्हे, धार. उठली की धार, बसली की धार. गादीखाली प्लास्टिक घातलं आहे. चिरंजीव बाहेरच्या खोलीत झोपतात. त्यांना सकाळी कामावर जायचं असतं, त्यांचं बरोबर आहे. घरात शिरलं की वास येतो. मी स्पष्ट बोलणारी आहे. म्हटलं, "वास येतोय. जा, धुऊन ये." ती म्हणाली, "आत्ताच धुऊन आले आई." म्हटलं, "मग परत जा."

गेली. बटाटीला घेऊन मी खिडकीत उभी राहिले.

व्यायाम करत नाही, हे उघड आहे. विचारलं तर हो म्हणते. ही शाळेत मुलांना गणित शिकवते आणि स्वतःला वीसपर्यंत मोजता येत नाही.

३० एप्रिल
सूनबाई म्हणतात डॉक्टरांकडे जाऊ. मी म्हटलं, ज्या बाईने दीड तास चाचपडत कापलं आणि तिसऱ्या दिवशी नळी काढायला सांगितली, तिच्याकडेच परत जायचं? हे बोलून गेले आणि मग आठवलं की ते मीच सांगितलं होतं. पण बोलण्याच्या ओघात एखादा शब्द इकडेतिकडे होतोच. सूनबाईंना मात्र पटलं. म्हणाल्या, "त्या बाईंचं तोंडसुद्धा बघायचं नाही मला."

मग आम्ही दोघी बसून त्या पोरीला यथेच्छ नावं ठेवली. तिचे ते रंगीत बूट, ते 'ओके ओके' करणं. लग्न होऊन आल्यापासून सूनबाई माझ्याशी इतकं कधी बोलल्या नव्हत्या. माणूस वाईट नाही, फक्त आळशी आहे.

२० जून
शाळा सुरू. सूनबाई सकाळी काळी पँट, काळा लांब शर्ट घालून गेल्या. आता त्या काळ्याशिवाय काही घालत नाहीत. पिशवीत आणखी एक काळी पँट आणि सहा पॅड. दुपारी बाराला परत. शाळा चारला सुटते.

काय झालं ते चिरंजिवांकडून कळलं. तासभर खुर्चीवर बसून वह्या तपासल्या. उठल्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर करून विचारलं, "टीचर, खुर्चीवर पाणी कोणी सांडलं?" वर्ग हसला. सूनबाईंनी खुर्ची स्वतःच्या रुमालाने पुसली, फळ्यावरचं उदाहरण पूर्ण केलं आणि मग घरी आल्या.

उदाहरण पूर्ण करायची काय गरज होती? आल्यापासून बाथरूममध्ये नळ सोडून बसली आहे. पाणी काय फुकट येतं?

६ जुलै
सूनबाईंना उन्हाळी लागली आहे. लघवी लाल, पोटात दुखतं. पाणी पीत नाहीत ना! मी संध्याकाळचं बंद केलं होतं, यांनी दिवसाचंही सोडून दिलं. वर काल बीट खाल्लं होतं. हातात पाण्याचा तांब्या दिला आणि समोर बसून संपवायला लावला. तीन-चार दिवसांत उतरेल.

पाळी अजून नाही. अंगावर पाजते आहे, तेव्हा ठीक.

३ ऑगस्ट
पुन्हा उन्हाळी, पुन्हा लाल लघवी. यावेळी बीट नव्हतं. लघवी तपासायला दिली, जंतू नाहीत असा रिपोर्ट आला. हल्लीच्या प्रयोगशाळा म्हणजे आनंदच आहे. माझ्या वेळी डोळ्याने बघून सांगत असू.

पाळी नाहीच. बटाटी पालथी पडून पुढे सरकायला लागली. आईकडे नाही, माझ्याकडे सरकते. सूनबाई तिला मांडीवर घेत नाहीत. म्हणतात, "ती ओली होईल." मूल आईला ओलं करतं हे जगाने ऐकलंय, हे उलटंच!

३१ ऑगस्ट
लाल लघवी. मी म्हटलं, तिसऱ्यांदा उन्हाळी, आता तरी ऐक. सूनबाई म्हणाल्या, "आई, सहा जुलै, तीन ऑगस्ट, एकतीस ऑगस्ट. मध्ये किती दिवस?"

मी म्हटलं, मला काय माहीत.

"अठ्ठावीस आणि अठ्ठावीस," ती म्हणाली. "ही उन्हाळी नाही. ही माझी पाळी आहे. लघवीतून येतेय."

असं कुठे असतं का! चौतीस वर्षांत हजारो बायका पाहिल्या, एकीची पाळी लघवीतून आली नाही. हे तिला सांगितलं. तिने पर्स घेतली, प्लास्टिकची घडी घेतली, रिक्षाच्या सीटवर घालायला, आणि एकटी लघवीच्या आजारांच्या तज्ज्ञाकडे गेली. मला न विचारता. आमचे चिरंजीव मूग गिळून बसले होते.

४ सप्टेंबर
तज्ज्ञांनी मूत्राशयात निळं पाणी भरलं. ते गर्भपिशवीच्या तोंडातून बाहेर आलं. मूत्राशय आणि गर्भपिशवी यांच्यामध्ये भोक आहे. लघवी इकडून तिकडे जाते, पाळी तिकडून इकडे येते. सूनबाईंचं गणित बरोबर निघालं. तज्ज्ञ म्हणाले, वीस वर्षांत ही त्यांची तिसरी केस. ऑपरेशन करून भोक बंद करतात. त्याआधी सूज पूर्ण ओसरायला हवी, पुढच्या महिन्यात करू. एकदा केलं आणि नाही जमलं तर दुसऱ्यांदा आणखी अवघड.

चिरंजिवांनी विचारलं, हे झालं कशाने? ते म्हणाले, सिझरमध्ये इजा झाली, ती शिवली. शिवलेलं मूत्राशय दहा-बारा दिवस रिकामं राहिलं तर बहुतेक वेळा भरून येतं. भरत गेलं की ताण येतो, टाका सुटतो. "नळी किती दिवस होती?" सूनबाई म्हणाल्या, "तीन. डॉक्टरांनीच काढायला लावली." त्यांनी भुवया वर केल्या आणि काही लिहून घेतलं.

शिवण कच्ची असणार. चांगली शिवण तीन दिवसांत काय, तीन तासांतही धरते. घरी आल्यावर १५ मार्चचं पान उघडलं. अक्षर चांगलं आहे. मिटून ठेवलं.

९ सप्टेंबर
चिरंजीव त्या पोरीविरुद्ध तक्रार करणार आहेत. आधी हॉस्पिटलच्या मुख्य अधिकाऱ्यांकडे, मग पुढे. मजकूर मी सांगितला, त्यांनी टाइप केला. 'अननुभव', 'निष्काळजीपणा', 'चुकीच्या वेळी कॅथेटर काढण्याचा आदेश'. हा शेवटचा मुद्दा सूनबाईंनी घालायला लावला. मी म्हटलं, राहू दे, दोन मुद्दे पुरेत. सूनबाई म्हणाल्या, "तोच तर मुख्य मुद्दा आहे."

अशा डॉक्टरचं लायसन्स काढूनच घेतलं पाहिजे. हे मी सगळ्यांना सांगितलं आहे, हॉस्पिटलात, दुकानात, जिन्यात. पण आज टाइप केलेला कागद शेवटच्या मुद्द्याआधीच खाली ठेवला. चहा घेतला.

१७ सप्टेंबर
मुख्य अधिकाऱ्यांची खोली. एक लांब टेबल, सहा खुर्च्या. सूनबाई बसल्या नाहीत, भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. समोर कालची पोर, हातात मार्चची फाइल. सहा महिन्यांत वाळली आहे. रंगीत बूट नव्हते.

चिरंजिवांनी तक्रार वाचली. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतली. मग म्हणाली, "इजा माझ्या हातून झाली. ते मी त्याच दिवशी सांगितलं आणि लिहिलं. पण कॅथेटर काढायला मी सांगितलं नाही. ही माझी सूचना आहे, दहा दिवस. पंधरा तारखेची नोंद आहे, 'कॅथेटर आपोआप निघाला'."

"आपोआप?" सूनबाई म्हणाल्या.

"तसं लिहिलंय. मी रजेवर होते. आल्याबरोबर घरी फोन केला, परत घालायला आणा म्हणून."

"कुणाला फोन केला?"

पोरीने माझ्याकडे पाहिलं. "सिस्टर, आत फुगवलेला फुगा असतो. फुगलेल्या फुग्यासकट नळी आपोआप बाहेर येत नाही. आली तर रक्त येतं, रुग्ण ओरडतो. हे तुम्हीच आम्हाला शिकवलंय. मी शिकत असताना, याच वॉर्डात."

मला ती आठवत नव्हती. इतक्या पोरी येऊन गेल्या. मी समोरचं पाणी प्यायले.

सूनबाई भिंतीपासून पुढे आल्या. नवऱ्याच्या हातातून तक्रारीचा कागद घेतला, त्याची चार वेळा घडी घातली आणि पर्समध्ये टाकला. "आम्ही परत येऊ," म्हणाल्या. उभ्या होत्या तिथे फरशी ओली झाली होती. त्यांनी पर्समधून रुमाल काढला, वाकल्या आणि पुसून घेतली. ती पोर उठून मदतीला आली. दोघी एकाच वेळी खाली वाकलेल्या होत्या आणि मी खुर्चीत बसून होते.

१८ सप्टेंबर, दुपार
रजिस्टरच्या पानांना छापील आकडे आहेत. १५ मार्च पान एक्काहत्तरवर आहे, बहात्तर त्याच्याच पाठीवर. ते एक पान गेलं तर सत्तरनंतर एकदम त्र्याहत्तर येतो. कुणाच्या लक्षात येणार? पण ही गणिताची बाई आहे.

आणि मी पान फाडलेलं नाही कधी. चौतीस वर्षांत एकही नाही.

मी वाईट केलं का? मी तिला चालवलं. मोठे डॉक्टर असते तर त्यांनीही चोवीस तासांत... पण मोठ्या डॉक्टरांच्या हातून मूत्राशय फाटलं असतं तर? तसं एकदा झालं होतं. मला आठवतं. नळी बारा दिवस ठेवली होती त्यांनी, आणि मीच रोज पिशवी मोजत होते. सहा महिन्यांत हे मला एकदाही आठवलं नाही. आज आठवलं.

१८ सप्टेंबर, संध्याकाळ
सूनबाई माझ्या खोलीत आल्या. मागे चिरंजीव. "आई, तुम्ही रोज लिहिता ना? पंधरा मार्चचं वाचून दाखवा."

मी म्हटलं, खासगी असतं ते.

"माझंही खासगीच होतं. अख्ख्या वर्गाने पाहिलं."

मी वाचलं. 'आज सकाळी कॅथेटर मीच काढला.' तेवढं वाचून थांबले. ती म्हणाली, "पुढे." महाराणी आलं. शोभेला आलं. प्रत्येक वेळी थांबले की ती "पुढे" म्हणायची, वर्गात मुलाला उभं करून वाचायला लावतात तशी. 'कधीकधी रुग्णाशी थोडं खोटं बोलावं लागतं, त्यातच त्याचं हित असतं.' हे वाक्य मी वाचलं नाही. ते तिने स्वतः वाचलं, माझ्या हातातून वही न घेता, वाकून.

मग म्हणाली, "अकरा एप्रिलला काय लिहिलंय?"

तारीख तिला पाठ होती. मी तेही वाचलं. गणित शिकवते आणि वीसपर्यंत मोजता येत नाही, तेही. चिरंजीव म्हणाले, "आई, तू..." ते उठून दाराबाहेर गेले.

सूनबाई रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर मला काहीतरी करता आलं असतं. म्हणाल्या, "एक सांगू? तुमचा राग आलाच आहे, तो जाणार नाही. पण मला लाज वाटतेय ती वेगळ्याच गोष्टीची. पाच महिने मी त्या डॉक्टरबाईंना शिव्या घातल्या. रोज. तुमच्या शेजारी बसून. मला वाटायचं, आई निदान यात तरी माझ्या बाजूने आहेत."

ती गेल्यावर मी १५ मार्चच्या नोंदीवर काट मारायला पेन उचललं. कशावर मारणार? जे झालं तेच लिहिलंय. चुकीचं लिहिलेलं इथे नाही, तिकडे हॉस्पिटलच्या फाइलमध्ये आहे.

२० सप्टेंबर
हॉस्पिटलात गेले. एकटी. रेकॉर्डरूमचा कारकून म्हणाला, "जुन्या फाइलला हात लावता येत नाही सिस्टर, वरून परवानगी लागते." माझाच नियम मला ऐकवला. मुख्य अधिकारी आले, कालची पोर आली आणि माझी विद्यार्थिनीही आली. तिच्या डोळ्यांत आधीच पाणी.

सगळ्यांसमोर 'कॅथेटर आपोआप निघाला' या ओळीवर एक रेघ मारली. खालचं वाचता येतं. वर लिहिलं: 'कॅथेटर मी काढला. डॉक्टरांची परवानगी नव्हती. आधीची नोंद माझ्या सांगण्यावरून झाली.' तारीख, वेळ, सही. सही नेहमीसारखी आली नाही.

विद्यार्थिनी म्हणाली, "सिस्टर, तुम्ही सांगितलंत म्हणून मी लिहिलं. मला आता नोटीस येणार." मी अधिकाऱ्यांना म्हटलं, तिची चूक नाही. ते म्हणाले, आहे. खोटी नोंद तिच्या सहीची आहे. माझ्या वॉर्डात असं झालं असतं तर मीही हेच म्हटलं असतं.

बाहेर कॉरिडॉरमध्ये पोर म्हणाली, "तुम्ही माझ्याबद्दल जिन्याजिन्यात बोललात. तीन बायकांनी ऐन वेळी माझ्याकडून ऑपरेशन नको म्हटलं."

मी म्हटलं, "हो."

"माफी मागायला आलात?"

"नोंद दुरुस्त करायला आले होते."

"तुम्ही बदलायच्या नाही," ती म्हणाली. मग जाता जाता थांबली. "माझंही चुकलं. मी घरी यायला हवं होतं. फोनवर विश्वास ठेवला, कारण फोनवर तुम्ही होतात."

घरी येऊन पिठाचा डबा घासला. तो स्वच्छच होता.

९ ऑक्टोबर
काल ऑपरेशन झालं. तज्ज्ञांनी केलं, साडेतीन तास. सूनबाईंनी विनंती करून कालच्या पोरीला आत उभं राहायला लावलं होतं. मी बाहेर बटाटीला घेऊन. नळी एकवीस दिवस. यश येईल का, हे नळी काढल्यावर कळणार.

सूनबाईंनी शुद्धीवर आल्यावर पहिली गोष्ट नवऱ्याला सांगितली, "आईंना नळीला हात लावू द्यायचा नाही. खोलीत यायचं असेल तर तू असताना."

चिरंजीव मला हे सांगताना दुसरीकडे बघत होते. मी म्हटलं, बरोबर आहे तिचं.

१६ ऑक्टोबर
घरी आणलं. पिशवी चिरंजीव रिकामी करतात. आधी तोंड वाकडं करायचे, आता करत नाहीत. मापाच्या भांड्यात बघून मोठ्याने आकडा सांगतात, सूनबाई लिहून ठेवतात. दाराच्या अलीकडून मला ऐकू येतं. आज ते नळीला पीळ पडलेला असताना "फक्त चाळीस" म्हणाले. मी दारातूनच ओरडले, "पीळ बघ, पीळ!" मग चिरंजिवांचा आवाज आला, "हो, होता." मग सूनबाई म्हणाल्या, "दार लावून घे."

लावलं.

२९ ऑक्टोबर
नळी काढायचा दिवस. हॉस्पिटलात सगळे गेलो. सूनबाईंनी सकाळी पिवळी पँट घातली. फिकट पिवळी. मी बघत राहिले, तेवढ्यात म्हणाल्या, "ओली झाली तर सगळ्यांना दिसू दे. मला लपवायचं नाहीये." कपाटातल्या काळ्या पँटी जिथल्या तिथे होत्या.

अकराला नळी काढली. मग तीन तास पाणी पिऊन हिंडायचं, बसायचं, परत निळं पाणी भरून तपासायचं. चिरंजीव तिच्याबरोबर आत. मी बाहेरच्या बाकावर, बटाटी मांडीवर. साडेअकराला बटाटीने माझी मांडी भिजवली, लंगोट कडेला सरकला होता. तिला बदललं, कोरडं केलं. माझे दुसरे कपडे गाडीतल्या पिशवीत होते, आणि गाडीची किल्ली आत चिरंजिवांच्या खिशात. दार ठोठावून किल्ली मागायची? त्या दारावर मी ठोठावणार नव्हते.

पहिला अर्धा तास ऊब असते. मग गार पडतं. मग चिकटतं, मग मांड्यांना खाज सुटते. शेजारी एक बाई येऊन बसली, थोड्या वेळाने उठून पलीकडच्या बाकावर गेली. मी पाय जुळवून घेतले, पर्स मांडीवर ठेवली. उठले तर मागून दिसेल, म्हणून पाणी प्यायलाही उठले नाही. एकदा तर पाणी नकोच, असं वाटलं. अडीच तास मी घड्याळाकडे बघत होते. चौतीस वर्षं मी बायकांना ओल्यातून उठवलं, पण त्यात बसले कधी नव्हते.

दोनला दार उघडलं. आधी कालची पोर बाहेर आली. तिने माझ्याकडे बघून नुसती मान हलवली, वर-खाली. मागून सूनबाई. पिवळी पँट कोरडी होती, पुढूनही आणि वळल्यावर मागूनही. बटाटीने हात पसरले. सूनबाईंनी तीन महिन्यांत पहिल्यांदा तिला उचललं आणि छातीशी नाही, कमरेवर घेतलं, बायका घेतात तसं.

मला काहीतरी म्हणायचं होतं. तोंड उघडलं, पण त्यांनी माझ्या मांडीकडे पाहिलं, मग बाकाकडे.

"वास येतोय," त्या म्हणाल्या. "जा, धुऊन या."

मी गेले.